उजव्या मागच्या टायरचा घेर

प्रिय पोरी,

मुद्दाम मराठीत लिहितोय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, अक्षरं जुळवत जातेस, हे मला माहीत आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर दोन मिनिटांत वाचून 'थँक्स काका' पाठवून मोकळी झाली असतीस. अडेल तिथे आईला विचार.

परवा हिकरीच्या ट्रॅकवर गाड्यांची शर्यत संपल्यावर तू ट्रेलरच्या फळीवर बसून रडत होतीस. रडता रडता दोन गोष्टी सांगितल्यास. एक, 'गाडीच वाईट होती.' दुसरी, एक टीम आर्काच्या, म्हणजे मोठ्या नॅस्कार शर्यतींच्या खालच्या पायरीवरच्या, सहा शर्यतींसाठी ड्रायव्हरची सीट द्यायला तयार आहे, पैसे आपण आणायचे, आणि बाबा त्यासाठी घरावर कर्ज काढणार आहेत. मग विचारलंस, 'काका, काय करू?'

मी उत्तर दिलं नाही. विचारलं, आज उजव्या मागच्या टायरचा घेर किती होता? तू आधी फोनकडे बघितलंस, मग त्या पगारी मेकॅनिककडे. तो गाडी ट्रेलरवर चढवत होता.

अगं, जी गाडी तू शंभर लॅप डावीकडे वळवलीस, तिचा उजवा मागचा टायर डाव्यापेक्षा किती मोठा होता हे तुला ठाऊक नाही. तो इंचभराचा फरकच तर गाडी वळवतो! आणि तू म्हणतेस गाडी वाईट होती. 'टाइट होती, नाक वळत नव्हतं' म्हणालीस. कुठे टाइट होती? वळणात शिरताना, मध्यावर, की बाहेर पडताना गॅस दिल्यावर? पहिल्या दहा लॅपना, की टायर तापल्यावर? तिन्ही ठिकाणांची औषधं वेगळी आहेत. मेकॅनिकने तुझ्या एका 'टाइट'वर वेजचा, म्हणजे चाकांवरचा भार बदलणारा, बोल्ट फिरवला आणि गाडी लूज झाली, मागची चाकं सुटायला लागली. त्यात त्याचा काय दोष?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. हात काळे कर. हात काळे झाल्याशिवाय सीटवर बसू नकोस, आणि विकतच्या सीटवर तर नाहीच नाही.

तुला कुल्विकीचं नाव सांगितलं तेव्हा तू ते भिंतीवरच्या जुन्या फोटोंतलं समजलीस. नीट ऐक. अ‍ॅलन कुल्विकी विस्कॉन्सिनचा, शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. १९८०च्या दशकाच्या मध्यात होतं नव्हतं ते विकून इकडे शार्लटला आला. ना मोठ्या घराण्यातला, ना दक्षिणेतला. स्वतःची टीम काढली, स्वतःच चालवली, आणि १९८६ ला नॅस्कारचा सर्वोत्तम नवोदित ड्रायव्हर ठरला. पुढे ज्युनिअर जॉन्सनसारख्या बड्या मालकाने बोलावलं, भरपूर पैसे देऊ केले. हा नाही म्हणाला. १९९१ चा मोसम सुरू झाला तेव्हा त्याच्याकडे प्रायोजकसुद्धा नव्हता. लोक त्याला हेकट म्हणायचे. होताच तो हेकट.

१९९२ ला सहा शर्यती उरल्या असताना तो मोसमाच्या गुणतक्त्यात २७८ गुणांनी मागे होता. शेवटची शर्यत अटलांटाला, १५ नोव्हेंबरला. टायर-पेट्रोलसाठी थांबतात त्या पहिल्याच पिट स्टॉपला त्याचा पहिला गिअर तुटला. पुढे प्रत्येक वेळी पोरांनी गाडी ढकलायची आणि याने वरच्या गिअरमध्ये ती कशीबशी उचलायची. त्यात याने आणि याच्या क्रू चीफने, म्हणजे गाडीच्या मुख्य मेकॅनिकने, हिशोब मांडला की सर्वाधिक लॅप आघाडीवर राहिलं तर पाच गुण जास्तीचे मिळतात. म्हणून पेट्रोल भरायला आत येणं त्याने लांबवलं. त्याचे आघाडीचे लॅप १०३, बिल एलियटचे १०२. शर्यत एलियटने जिंकली, हा दुसरा आला आणि दहा गुणांनी मोसमाचं विजेतेपद घेऊन गेला. तो एक लॅप एलियटकडे गेला असता तर दोघांचे गुण सारखे झाले असते, आणि जास्त शर्यती जिंकल्या म्हणून मुकुट एलियटला मिळाला असता. आणि एलियट कुणाची गाडी चालवत होता? त्याच ज्युनिअर जॉन्सनची.

पेट्रोल किती उरलंय, लॅप किती झालेत, गिअर कुठला धरायचा हे त्याला कळलं, कारण ती गाडी त्याच्या हाताखालून गेली होती. साडेचार महिन्यांनी, १ एप्रिल १९९३ ला, ब्रिस्टलला जाताना विमान कोसळून तो गेला. अडतीस वर्षांचा होता. मी अमेरिकेत आलो १९९६ ला. त्याला कधी बघितलं नाही, याची हळहळ अजून वाटते.

आता तू विल्यम बायरन काढशील. संगणकावर शिकला आणि २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५००, नॅस्कारची सर्वात मानाची शर्यत, जिंकला. खरं आहे. पण तोही नंतर लेजंड नावाच्या लहानशा रेसिंग कारमध्ये बसून धूळ खाऊन आला. आणि असला मुलगा एखादाच निघतो. त्याच्याकडे बघून आपलं घर गहाण टाकायचं नसतं. सिम्युलेटर जरूर खेळ, मी काही म्हातारा खवट माणूस नाही. पण गाडी तापली की रबराचा वास बदलतो, तो वास सिम्युलेटरला येत नाही.

तुझ्या आईला वेगळीच काळजी आहे. मला म्हणाली, 'भाऊजी, आपल्या रंगाच्या मुलीला ही माणसं वर येऊ देतील का?' तिला मी 'काळ बदललाय' वगैरे सांगितलं नाही. वेंडेल स्कॉटचं सांगितलं. व्हर्जिनियाच्या डॅनव्हिलचा काळा माणूस, सैन्यात मेकॅनिक होता, शर्यतीच्या गाड्या स्वतःच जुळवायचा. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलला तो जिंकला आणि झेंडा दुसऱ्यालाच मिळाला. तो दोन लॅप पुढे होता, आणि त्याला ते माहीत होतं. भांडला. काही तासांनी, लोक घरी गेल्यावर, हिशोब दुरुस्त झाला. ट्रॉफी मात्र तो जिवंत असेपर्यंत मिळाली नाही. १९९० ला तो गेला, नॅस्कारने कुटुंबाच्या हातात ट्रॉफी दिली २०२१ ला. आई गप्प झाली. मी तिला धीर द्यायला गेलो होतो, पण तसं काही झालं नाही. तरीही ऐक. उद्या तुझ्यावर अन्याय झाला तर आकडे तुझ्याकडे हवेत. 'गाडी वाईट होती' म्हणणाऱ्या पोरीकडे आकडे नसतात.

आता माझं. तू विचारणार नाहीस, पण तुझ्या बाबांनी अर्धवट सांगितलं असेल.

वडिलांचं लेथ कोल्हापुरात उद्यमनगरात होतं. माझे हात लहानपणापासून काळेच. इथे आल्यावर दिवसा मशीन शॉप आणि शनिवारी रात्री फुकटात कुणाचे तरी टायर मोजायचे. २००३ ला असाच एक ड्रायव्हर म्हणाला, चल, दोघं मिळून टीम काढू, तू क्रू चीफ. दोन गाड्या मावतील एवढं गॅरेजही त्याने बघून ठेवलं होतं. मी नाही म्हणालो. एच-वन व्हिसावर होतो, ज्याच्या नावाने व्हिसा त्याच्याकडेच नोकरी करणं भाग होतं. तुझी काकू सात महिन्यांची गरोदर होती. मी भ्यालो नव्हतो. हे मी वीस वर्षं सांगत आलोय, तुलाही सांगतोय. नाही म्हणण्यात शहाणपण होतं. ग्रीन कार्ड झाल्यावर एका मोठ्या टीमच्या शॉपमध्ये लागलो, पांढऱ्याशुभ्र फरशीवर काम, नाव छापलेला शर्ट. २००८ च्या डिसेंबरात मंदी आली आणि आम्हाला एका सकाळी हॉलमध्ये बोलावून घरी पाठवलं. शर्ट अजून कपाटात आहे.

तो ड्रायव्हर? तीन वर्षांत त्याची टीम बुडाली. आता नळकाम करतो. तू हुशार आहेस, म्हणशील की मग काकांचा निर्णय बरोबरच होता. असेलही. पण तो भेटला की अजून २००५ च्या एका शर्यतीचं बोलतो. मागच्या स्प्रिंगमध्ये काय चुकलं, पन्नासाव्या लॅपला काय करायला हवं होतं. आपण का हरलो हे त्याला स्क्रूपर्यंत माहीत आहे. मी का हरलो ते मला हॉलमध्ये कुणीतरी कागदावरून वाचून दाखवलं.

म्हणून तुझ्यावर चिडलो. वैताग माझाच होता, तुझ्यावर निघाला.

तरी सीटचं माझं मत तेच. सहा शर्यतींची सीट विकत घेशील. त्या गाडीला हात लावायची मुभा तुला नसेल, बदल केलेले कळणार नाहीत, सातव्या शर्यतीला दुसऱ्या कुणाचे बाबा पैसे घेऊन उभे असतील. तुझ्याकडे उरेल हेल्मेट आणि कर्जाचा हप्ता. उलट तुझी ती जुनी लेट मॉडेल, परवा चालवलीस ती रेसिंग कार, गॅरेजमध्ये आहे, ती तुझी आहे. कॉलेजही सोडू नकोस. रायन न्यूमनने पर्ड्यूमधून इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि डेटोना ५०० सुद्धा जिंकली, तेव्हा दोन्ही जमत नाही हे मला सांगू नकोस.

बाबांना सांग, बँकेत जायच्या आधी मला फोन करा. ते रागावतील, मी बघतो त्यांचं.

शनिवारी सकाळी सातला गॅरेजमध्ये ये. जुने कपडे घाल, नखं काप. टेप माझ्याकडे आहे. पण त्याआधी, आज रात्रीच, गाडीखाली जा, चारही टायर मोज आणि आकडे मला पाठव. मेकॅनिकला विचारून नाही.

तुझा,
काका