ट्रेलरचं नंतर बघू, आधी ती पीडीएफ उघडा

पत्र फोंड्याहून आलंय. वय ५८, मे अखेरीला वेर्ण्याच्या एका कंपनीतून रिटायर, पीएफ ग्रॅच्युइटी मिळून ४१ लाख १२ जूनला खात्यात जमा झाले. घर स्वतःचं, मुलगा पुण्याला नोकरीत, दोघांचा महिन्याचा खर्च ३४ हजार, ईपीएसची पेन्शन साडेपाच हजार. प्रश्न असा की म्हापशाला एकाकडे अमेरिकेतून आणलेला फोल्डिंग कॅम्पिंग ट्रेलर आहे, कापडी तंबूवाला नव्हे, कडक भिंतींचा, उघडला की त्रिकोणी छपराची खोली आणि मिटला की गाडीमागे ओढायचा पेटारा. साडेसहा लाख सांगतोय. गणेश चवथीच्या आधी घ्यायचाय, तर एफडी मोडू की पर्सनल लोन काढू? वर्षाला १२० रात्री ३ हजारांनी भाड्याने दिला तर दोन वर्षांत पैसे वसूल, असं काकांचं गणित.

आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य. "मेंटेनन्सची काळजी नाही, बँकेतल्या मॅडमनी ५ लाख एका गॅरंटीड स्कीममध्ये घातलेत, पुढच्या वर्षापासून वर्षाला ५० हजार येतील, कागद जोडलाय."

काका, मी ट्रेलरचे फोटो नंतर बघितले, आधी तो कागद उघडला. तुम्ही उघडलेला दिसत नाही, निदान तिसऱ्या पानापर्यंत तरी नाही. ती स्कीम नाही आणि एफडी तर अजिबातच नाही, ती आयुर्विमा पॉलिसी आहे. तिसऱ्या पानावर चौकटीत लिहिलंय, वार्षिक प्रीमियम ५ लाख, प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षं. म्हणजे पुढच्या जुलैत ५ लाख, त्याच्या पुढच्या जुलैत परत ५ लाख, असे एकूण ५० लाख. तुमच्याकडे आता उरलेत ३६. आणि ते ५० हजार वगैरे उत्पन्न सुरू होतं बाराव्या वर्षापासून, तेव्हा तुम्ही सत्तरीला टेकलेले असाल. रिटायर झालेल्या माणसाला दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी विकायला काय काळीज लागतं ते त्या मॅडमनाच माहीत, बहुतेक टार्गेट लागतं. असल्या पॉलिस्यांचा हिशोब मी इतक्यांदा केलाय की आता कागद न बघता सांगू शकतो, सगळे हप्ते भरून शेवटपर्यंत थांबलात तरी ५ ते ६ टक्के सुटतात, त्यापेक्षा पोस्ट बरं.

नशीब एवढंच की वेळ गेलेली नाही. पॉलिसी तुम्हाला मेलवर ३ जुलैला आली, आज २२ तारीख. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री लुक असतो, त्यात ती परत करता येते आणि फसवलं म्हणून काही सिद्ध करत बसायची गरज नाही, नको आहे एवढं पुरतं. म्हणजे अकरा दिवस. पण अकरावा दिवस उजाडेपर्यंत थांबू नका, उद्याच करा. अर्ज बँकेला नव्हे तर विमा कंपनीला द्यायचा, लेखी, पॉलिसी नंबर घालून, सोबत कॅन्सल चेक, आणि कंपनीच्या पणजीच्या शाखेत स्वतः जाऊन शिक्क्याची पोचपावती घ्यायची, शिवाय तेच सगळं मेलनेही पाठवायचं. स्टँप ड्युटी, झाल्या असतील तर मेडिकल टेस्टचे पैसे आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे थोडे पैसे कापून बाकी सगळं परत येतं. मॅडमचा फोन येईल, घरीही येतील, "सर सहा महिने थांबा, मी दुसऱ्या प्लॅनमध्ये फिरवून देते" म्हणतील. ते सहा महिने म्हणजे तुमचे ३० दिवस संपेपर्यंतचा चहा. तारीख हुकली तरी दार पूर्ण बंद होत नाही, आधी कंपनीकडे तक्रार, महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, गोव्याचं काम मुंबईच्या ऑफिसकडे आहे. पण तिथे कंपनी, पॉलिसी देताना फोनवर खात्री करून घेतात तो व्हेरिफिकेशन कॉल ऐकवते ज्यात तुम्ही घाईघाईत सगळ्याला "हो, हो" म्हटलंय. म्हटलंच असेल, सगळेच म्हणतात.

हे तुम्हाला रविवारीच मेल केलंय, इथे लिहितोय कारण अशीच पत्रं दर महिन्याला तीन-चार येतात आणि बहुतेकांचे तीस दिवस उलटून गेलेले असतात.

दुसरी तारीखही तुमच्या लक्षात नाही. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीमला साठ वर्षं लागतात असं सगळे धरून चालतात, पण ५५ च्या पुढे रिटायर झालेल्याला रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरले तर ती उघडता येते. तुमचे पैसे १२ जूनला आले म्हणजे १२ सप्टेंबर, नाहीतर मग साठीपर्यंत वाट बघा. ८.२ टक्के, जास्तीत जास्त ३० लाख, व्याज दर तीन महिन्यांनी साडेएकसष्ट हजार, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. तुमचे ३६ लाख आत्ता एकाच बँकेत साडेसहा टक्क्यांनी पडलेत, तिथून महिन्याला साडेएकोणीस येतात, आणि त्या बँकेला काही झालं तर ठेव विमा फक्त ५ लाखांचा.

पॉलिसीचे ५ लाख सुटले असं धरू. मग ३० लाख सीनियर सिटिझनमध्ये, ६ लाख पोस्टाच्या मंथली इन्कममध्ये ७.४ टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला ३,७००, आणि ५ लाख दवाखान्यासाठी हाताशी. पेन्शन धरून होतात २९,७००. खर्च ३४. म्हणजे सगळं नीट केलं तरी चारेक हजार कमी पडतात, आणि तुम्ही मला विचारताय की साडेसहा लाखांचा ट्रेलर एफडीतून घेऊ की लोनवर. लोन १२ टक्क्यांनी पाच वर्षांचं काढलं तर हप्ता साडेचौदा हजार. कुठून भरणार? एफडी मोडली तर दवाखान्याचे पाच लाखही गेले.

आता ट्रेलर. १२० रात्री विसरा. जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हा कोण राहणार त्यात, मार्च-एप्रिलच्या उकाड्यात त्या पेटाऱ्यात दुपारी तुम्ही स्वतः बसून बघा. राहिलं डिसेंबर-जानेवारी आणि काही लाँग वीकेंड, खूप झाल्या २५-३० रात्री, त्याही २ हजारांनी, म्हणजे ५०-६० हजार. त्यातून टायर, रबर सील, बेअरिंगचं ग्रीस, इन्शुरन्स, वर शेड. हातात काय उरतं ते तुम्हीच बघा. शिवाय पर्यटकाला पैसे घेऊन राहायला द्यायचं म्हणजे पर्यटन खात्याची नोंदणी, तो कायदा १९८२ पासून आहे. किनाऱ्यावर लावून चुलीवर मासे भाजायचं चित्र डोळ्यापुढे असेल तर पर्यटनस्थळी उघड्यावर शिजवायला २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा दंड एकट्याला २ हजार आणि ग्रुपला १० हजार होता, आता तो वाढलाय.

फोटो बघितले. टायरच्या कडेला चार आकडी नंबर दिसतोय, १९१४, म्हणजे २०१४ सालचा १९वा आठवडा. नक्षी नव्यासारखी आहे कारण तो चाललाच नाही, पण ट्रेलरचे टायर झिजून नाही तर वयानेच मरतात, उन्हात उभे राहून रबराला भेगा पडतात. छपराच्या जोडावर पांढरं सिलिकॉन फासलेलं आहे. ते हौसेने कोणी फासत नाही, तिथून गळत होतं. दार उजव्या बाजूला आहे, अमेरिकेत तिकडे फुटपाथ येतो, आपल्याकडे तुम्ही दार उघडून थेट ट्रॅफिकमध्ये उतरणार. आतला फ्रीज आणि चार्जर १२० व्होल्टचे, आपल्या प्लगला लावलेत तर धूर. ब्रेक इलेक्ट्रिक असणार, त्याला गाडीत वेगळा कंट्रोलर लागतो, तुमच्या १.२ लिटरच्या हॅचबॅकमध्ये तो नाही, आणि साडेसातशे किलो मागे लावून चोर्ला घाट चढताना क्लचचा वास येईल तो येईलच, मला भीती उतरतानाची वाटते. ट्रेलरला स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं, त्याचा कागद फोटोंत कुठेही नाही.

माझ्या एका क्लायंटने असाच घेतला होता, सत्तरी तालुक्यात घराजवळच्या जांभळीखाली निळं प्लास्टिक घालून ठेवला. पहिल्या पावसात एकदा ओला असतानाच मिटला, कारण पाहुणे आले, घाई झाली. चवथीनंतर उघडला तर गाद्यांवर काळी बुरशी आणि कोपऱ्यातला प्लायवूड अंगठ्याने दाबला की आत जायचा, चहात बुडवलेल्या पावासारखा. ओला मिटला तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवायचाच, आणि गोव्याच्या जुलैत वाळवणार कुठे? छप्पर तोलून धरणारे गॅसचे दांडेही तोवर सैल झाले होते, एका हाताने छपराची फळी धरून दुसऱ्याने कडी लावायची कसरत बायकोला जमेना, मग कोणी उघडेचना.

तरी मन मानत नसेल तर एक करा, आत्ताच बघायला जा, धो धो पाऊस चालू असताना. विकणारा म्हणेल ऑक्टोबरमध्ये या, छान वाळल्यावर दाखवतो. नाही. पावसात उघडायला लावा, आत अर्धा तास बसा, चारी कोपऱ्यांत जमीन अंगठ्याने दाबा, गादी उचलून वास घ्या.

किंवा असं बघा, साडेसहा लाखांचं ८.२ टक्क्यांनी व्याज होतं वर्षाला ५३ हजार. अडीच हजारांची खोली धरली तर एकवीस रात्री. बोंडल्याचं अभयारण्य तुमच्या दारात, पुढे तांबडी सुर्ला, खोतीगाव. ते ५३ हजारही तुमच्या बजेटात आत्ता बसत नाहीत हे वर दाखवलंच, पण दोन-तीन वर्षं आठवड्याला तीन दिवस कुठे क्वालिटी तपासणीचं काम केलंत, वेर्ण्यात अशी माणसं लागतात, तर बसतील, आणि मुद्दल जागेवर राहील.

ट्रेलरवाल्याला टोकन दिलंय की नाही ते पत्रात लिहिलेलं नाही. दिलं असेल तर रजिस्ट्रेशनचा कागद मागा, नसला तर त्याच कारणाने पैसे परत मागा. पण हे परवा. उद्या सकाळी पणजी, आणि पोचपावतीचा फोटो मला पाठवा.