मेक्सिकोतल्या वाहाका शहरात आई-बाबांसोबत पाच रात्री: खोली कुठे आणि कशी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनहून तुम्ही दोघं आणि नाशिकहून आलेले आई-बाबा, पाच रात्री, दोन खोल्या, एका खोलीला रात्रीचे 1,500 पेसो. बाबांचे गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी. नाताळच्या सुटीत जावं की फेब्रुवारीत, आणि मुख्य चौकाजवळ राहावं की जरा लांब?

फेब्रुवारीत जा. पैशांचा अर्धा प्रश्न तारखेनेच सुटतो. 23 डिसेंबरला वाहाकाच्या सोकालोवर, म्हणजे मुख्य चौकात, मुळ्यांवर कोरीवकाम करून मांडतात. 1897 पासून चालत आलेली ही स्पर्धा एकाच संध्याकाळी असते, पण तिच्यासाठी मध्यवस्तीतल्या खोल्या काही महिने आधीच भरतात आणि नवीन वर्षापर्यंत दर खाली येत नाहीत. अशीच गर्दी आणखी तीन वेळा होते: ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, 31 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या सणाला आणि जुलैतल्या गेलागेत्सा या लोकनृत्यांच्या उत्सवाला. गेलागेत्सा 16 जुलैनंतरच्या दोन सोमवारी असतो. त्यात 18 जुलैलाच सोमवार आला तर तो आठवडाभर पुढे जातो, कारण त्या दिवशी मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष बेनितो ह्वारेस यांची पुण्यतिथी असते. या दिवसांत अनेक ठिकाणी किमान तीन रात्रींची अट असते आणि सगळे पैसे आगाऊ मागतात. तुमच्या 1,500 पेसोंत तेव्हा फार तर लांबची किंवा अंधारी खोली मिळेल. फेब्रुवारीत त्याच पैशांत अंगण असलेल्या जुन्या घरातली नीटनेटकी खोली मिळायला हरकत नाही. मे-जून स्वस्त असतात, पण पाऊस सुरू होईपर्यंत उकाडा आणि पाणीटंचाई दोन्ही भरात असतात. शिवाय मे महिन्यात शिक्षक संघटनेचा ठिय्या सोकालोवर बसला आणि रस्ते अडवले गेले, की बाबांना सामान घेऊन चालावं लागेल.

आता जागा. नकाशावर इंदेपेंदेन्सिया हा आडवा रस्ता शोधा. त्याच्या उत्तरेला सांतो दोमिंगो चर्चपर्यंत जाणारा, फक्त पायी चालण्याचा आल्काला रस्ता आहे. हॉटेलांचे सगळ्यात चढे दर याच पट्ट्यात. दक्षिणेला बाजार: बेनितो ह्वारेस आणि 20 दे नोव्हिएंब्रे. त्यांच्या शेजारच्या मिना रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत. कोको, साखर, बदाम आणि दालचिनी दळून हातात देतात, आणि वास दोन चौक आधीपासून येतो. या भागात खोल्या स्वस्त आहेत, पण दिवसभर हातगाड्या आणि बस यांची रेटारेटी असते आणि दुकानं बंद झाली की रस्ते एकदम ओस पडतात. त्याच्याही पश्चिमेला, मोठ्या मंडईच्या आणि दुसऱ्या वर्गाच्या बसस्थानकाच्या आसपास सगळ्यात स्वस्त दर दिसतील. आई-बाबांना घेऊन तिकडे जाऊ नका. रात्री पायी फिरण्यासारखी ती जागा नाही.

माझं मत हालातलाको या वस्तीकडे झुकतं. मध्यवस्तीच्या पूर्वेला ही जुनी पेठ आहे: दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, बुटकी रंगीत घरं, एक चर्च. तिथून सोकालो साधारण पंधरा-वीस मिनिटं चालत. तुमच्या दृष्टीने खरा फायदा असा, की पहिल्या वर्गाचं बसस्थानक याच वस्तीच्या उत्तर टोकाला आहे आणि त्याच हमरस्त्यावर बेसबॉल स्टेडियमच्या कोपऱ्यावर तुले, त्लाकोलुला आणि मित्ला या जवळच्या गावांना जाणाऱ्या बस आणि सामायिक टॅक्स्या थांबतात. रविवारी त्लाकोलुलाचा बाजार करायचा असेल तर शहर ओलांडावंच लागत नाही. एकच अडचण: ती फरसबंदी उंचसखल आहे आणि पदपथ कुठे फूटभर रुंद, कुठे गुडघ्याइतका उंच. बाबांसाठी ते जड जाणार असेल तर एल यानो बागेच्या आसपास बघा. तिथले रस्ते सपाट आहेत, बागेत बसायला बाक आहेत आणि मध्यवस्ती व हालातलाको दोन्हीकडे जाणं सोपं पडतं.

पत्ता वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंदेपेंदेन्सिया ओलांडला की उत्तर-दक्षिण रस्त्यांची नावं बदलतात. टॅक्सीवाल्याला नुसतं नाव आणि घरक्रमांक सांगू नका, जवळचा चौक किंवा चर्च सांगा.

खोलीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण वाहाकात आराम हॉटेलच्या नावावर नसतो, खोली घराच्या कोणत्या बाजूला आहे यावर असतो. हा भूकंपाचा प्रदेश. म्हणून जुनी घरं एक-दोन मजल्यांची, भिंती कच्च्या विटांच्या किंवा हिरवट दगडाच्या आणि हातभर जाड. मधोमध अंगण, भोवती खोल्या: आपल्या वाड्याच्या चौकासारखीच मांडणी. अंगणाकडे दार असलेली खोली दुपारी थंड आणि रात्री शांत. रस्त्याकडे खिडकी असलेली खोली फोटोत देखणी दिसते, पण खाली बँड, फटाके आणि कापडी महाकाय बाहुल्या घेऊन मिरवणुका जातात. लग्नाची मिरवणूक शनिवारी सांतो दोमिंगोभोवती हमखास. वस्तीच्या देवाचा उत्सव असेल तर पहाटेच बाण सुटतात. म्हणून आरक्षणाआधी व्हॉट्सअॅपवर विचारा: 'ला आबितासिओन दा आ ला काये ओ आल पातिओ?' म्हणजे खोली रस्त्याकडे की अंगणाकडे. 'पातिओ' उत्तर आलं तर लगेच पुढचा प्रश्न: त्या अंगणात रात्री उपाहारगृह किंवा बार चालतो का? चालत असेल तर अंगणाचा सगळा फायदा गेला.

अंगणाच्या खोलीचं एक उणं सांगून ठेवतो. जाड भिंतींमुळे आतल्या कोपऱ्यात वाय-फाय पोचत नाही आणि काही खोल्यांना दाराखेरीज उजेडाची वाटच नसते. फोटोत खिडकी दिसली नाही, तर ती नाही असंच धरा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही: वाहाकात नळाला रोज पाणी येत नाही. कोरड्या महिन्यांत कित्येक दिवसांचा खंड पडतो आणि मग टँकर मागवतात, त्याला तिथे 'पिपा' म्हणतात. प्रत्येक घराला जमिनीखाली हौद असतो, 'सिस्तेर्ना'. त्यातून पंपाने गच्चीवरच्या टाकीत पाणी चढतं, ती 'तिनाको'. पाच-सहा खोल्यांच्या घराला हौद लहान असला तर चार पाहुण्यांनी अंघोळ केली की संपलं. म्हणून विचारा: 'तिएनेन सिस्तेर्ना?' आणि 'आग्वा कालिएंते लास बेइंतिक्वात्रो ओरास?', म्हणजे गरम पाणी चोवीस तास का. 'सकाळी आणि संध्याकाळी' असं उत्तर आलं तरी चालेल, वेळ माहीत असली की झालं. 'हो, हो, सगळं आहे' एवढंच उत्तर आलं, तर मात्र परीक्षणांत 'आग्वा' हा शब्द शोधून तक्रारी वाचा.

न्हाणीघरात गेल्यावर दोन गोष्टी. नळावर 'सी' हे अक्षर असेल तो गरम पाण्याचा नळ, कारण गरम म्हणजे 'कालिएंते'. थंडाचा नळ 'एफ'. अमेरिकेत राहून 'सी' म्हणजे थंड अशी सवय झालेला माणूस हात भाजून घेतो किंवा दहा मिनिटं थंड पाणी सोडून 'गरम येतच नाही' म्हणतो. आई-बाबांना पहिल्याच दिवशी हे दाखवा. दुसरं, अनेक ठिकाणी आपल्या गॅस गिझरसारखा वाहत्या पाण्यावर पेटणारा बंब असतो. गच्चीवरच्या टाकीचा दाब मुळात कमी. गरम नळ थोडासाच उघडला तर ठरावीक प्रवाहाखाली ज्योत विझते आणि अंगावर गार पाणी येतं. आधी गरम नळ पूर्ण सोडा, पाणी तापू द्या आणि मग थंड पाणी थोडं थोडं मिसळा. गरम नळ बारीक करून तापमान साधायला जाऊ नका. शौचालयाचा कागद कमोडमध्ये न टाकता शेजारच्या टोपलीत टाकायचा. जुन्या नळ्या अरुंद आहेत, तुंबल्या की खोली बदलावी लागते.

खाटांची नावं फसवतात. 'माट्रिमोनिआल' म्हणजे सुमारे 135 सेंटिमीटर रुंद पलंग. दोघांना पुरतो, पण ऐसपैस नाही. 'इंदिविद्वाल' मीटरभर रुंद. 'आबितासिओन दोब्ले' म्हटलं की बहुतेक वेळा त्या खोलीत दोन माट्रिमोनिआल पलंग असतात, म्हणजे चौघांची सोय. पैसे वाचवायचे असतील तर अशी एकच मोठी खोली घेता येईल, पण पाच रात्री एकच न्हाणीघर चौघांत म्हणजे सकाळी खोळंबा. मी तुमच्या जागी दोन खोल्याच घेईन आणि आई-बाबांची 'एन प्लांता बाहा', म्हणजे तळमजल्यावर मागेन. दुमजली जुन्या घरात लिफ्ट नसते, जिने दगडी आणि चढे, आणि नाश्ता अनेकदा गच्चीवर देतात. नाश्ता खाली आणून द्याल का, हेही आधीच विचारा. सहसा देतात.

'मोटेल' किंवा 'आउतो ओतेल' असं लिहिलेलं काहीही घेऊ नका. मेक्सिकोत ती तासांवर घेण्याची, जोडप्यांची जागा असते. 'पोसादा' आणि 'कासा दे वेस्पेदेस' ही कुटुंबाने चालवलेली घरं तुमच्या कामाची.

दर वाचताना 'मास इंपुएस्तोस' हे दोन शब्द दिसले तर त्यावर कर वेगळा. मूल्यवर्धित कर 16 टक्के आणि वर राज्याचा निवास कर काही टक्के, म्हणजे 1,300 चे सहज 1,500 च्या पुढे जातात. 'इंपुएस्तोस इंक्लुइदोस' असेल तर तोच अंतिम आकडा. लहान घरं कार्डावर जादा पैसे लावतात किंवा रोख दिले तर कमी करतात. थेट त्यांना लिहून पाच रात्रींचा रोख दर विचारला तर आरक्षणाच्या संकेतस्थळापेक्षा बरा भाव मिळू शकतो. मात्र दर, कर, तारखा आणि रद्द करण्याची अट एकाच संदेशात लेखी घ्या. कार्डाच्या यंत्रावर किंवा एटीएमवर डॉलरमध्ये रूपांतर करू का असं विचारलं तर नाही म्हणा आणि पेसोच ठेवा, त्यांचा रूपांतराचा भाव महाग असतो. एटीएम बँकेच्या आतलंच वापरा आणि 500 ची नोट हॉटेलातच मोडा, बाजारात सुटे मिळत नाहीत.

शहर सुमारे 1,550 मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही थोडं उंच. फेब्रुवारीत दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे तापमान दहा अंशांपर्यंत उतरतं. खोलीत हीटर नसतो. जादा घोंगडी, 'कोबिहा', पहिल्याच संध्याकाळी मागून घ्या. वीज अमेरिकेसारखीच आहे, तेव्हा आईच्या चहासाठी किटली ह्यूस्टनहून न्या. नाशिकहून आणलेली 230 व्होल्टची तिथे फार हळू तापेल. चहापत्ती न्या, दूध मिळतं. नळाचं पाणी पिऊ नका. व्हरांड्यात 20 लिटरचा मोठा बाटला असतो, त्यातून भरून घ्यायची मुभा आहे का ते विचारा. असेल तर पाच दिवसांत बाटल्यांचे बरेच पैसे वाचतात.

आईच्या जेवणाचा प्रश्न खोलीशी जोडलेला आहे, म्हणून इथेच सांगतो. शक्य असेल तर शेगडी वापरता येईल अशी जागा बघा. त्लायुदा ही मक्याची मोठी, कडक भाकरी दिसायला शाकाहारी असते, पण तिच्यावर पहिला थर 'आसिएंतो'चा, म्हणजे डुकराच्या चरबीच्या गाळाचा. मेमेला या छोट्या, जाड भाकरीवरही तोच. घेवडा बहुधा चरबीत परततात, भात आणि मोले (दाट, मसालेदार सॉस) बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजतात. 'सिन आसिएंतो, सिन मांतेका', म्हणजे आसिएंतो नको, चरबी नको, असं म्हटलं की त्लायुदा आणि मेमेला डोळ्यांदेखत बनवून घेता येतात. ला मेर्सेद आणि सांचेस पास्क्वास या दोन बाजारांत सकाळी तव्यासमोर उभं राहून सांगणं सोपं जातं. चीज, भोपळ्याची फुलं आणि मश्रूम घातलेल्या केसादिया (दुमडलेल्या भाकऱ्या) बहुधा चालतात, तरी चरबी नको हे सांगाच. संत्र्याच्या फोडींवर भुरभुरलेलं लालसर मीठ मात्र नुसतं तिखट-मीठ नव्हे, त्यात वाळवलेली अळी दळलेली असते.

व्हिसाचं: आई-बाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. विमानतळावर बाहेर पडण्याआधी आतल्याच खिडकीवर टॅक्सीचं तिकीट घ्या. शहरातल्या टॅक्सींना मीटर नाही, दर बसण्याआधी ठरवायचा.

पोचल्यावर पैसे देण्याआधी खोली बघायला मागा. 'प्वेदो वेर एल क्वार्तो?' म्हटलं की कोणी वाईट वाटून घेत नाही, तो तिथला रिवाजच आहे. गरम नळ पूर्ण सोडून दोन मिनिटं थांबा, गादीवर बसून बघा, पलंगावरून दार आणि दारातून अंगण किती पावलांवर आहे ते आई-बाबांना चालून दाखवा. शहरात भूकंपाचा आगाऊ इशारा देणारे भोंगे आहेत. ते रात्री वाजले तर चपला शोधत न बसता घरचे सगळे कुठे जमतात, ते मालकिणीला त्याच वेळी विचारून घ्या.