रस्ते वाढले, जोड कुठे गेले?

प्रश्न : शहराच्या कडेला नव्या वस्तीत राहायला आले. माझी आणि मैत्रिणीची मागची भिंत एकच. पण तिच्या दारात जायचं तर मुख्य रस्त्यावरून दीड किलोमीटरचा वळसा! शहर वाढतं तसे रस्तेही वाढतात ना?

उत्तर : रस्ते वाढतात, जोड वाढतीलच असं नाही. लेआउटचे नकाशे तपासण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. टेबलावर कायम दोऱ्याचं रीळ असे. दोन घरांमध्ये आधी पट्टी ठेवायची, मग रस्त्यारस्त्याने दोरा फिरवायचा. तुमच्याकडे पट्टी वीस मीटर दाखवेल आणि दोरा दीड हजार. (साहेब शिवणकाम करतात, असं म्हणून सहकारी हसत.)

कडेची जमीन तुकड्यातुकड्याने विकसित होते. प्रत्येक जण आपल्यापुरती आखणी करतो, आत शांतता हवी म्हणून बंद गल्ल्या ठेवतो आणि तोंड एकाच मोठ्या रस्त्याला उघडतो. शेजारच्या तुकड्याशी सांधा जोडणं कुणाचंच काम नसतं. मग दूध आणायलाही गाडी काढावी लागते आणि त्या एकाच रस्त्यावर सगळे अडकतात.

न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनची चौकटी आखणी (रस्ते एकमेकांना काटकोनात छेदणारी) १८११ची, बार्सिलोनात सेर्दा या अभियंत्याने आखलेल्या विस्ताराची १८५९ची. तिथल्या इमारती बदलल्या, रस्ते जवळपास तसेच आहेत. चांगली आखणी टिकते तशी वाईटही टिकते, हीच माझी खरी धास्ती. अमेरिकेत नव्या रस्त्यांचा तुटकपणा १९९४च्या सुमारास कळसाला पोचून उतरू लागला. पण आधी आखलेल्या बंद गल्ल्या आहेत तिथेच आहेत.

बंद गल्लीवर माझा सरसकट राग नाही, बरं का. १९२९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत रॅडबर्न ही वस्ती वसवली, तेव्हा घरांच्या दुसऱ्या बाजूने बागेतल्या पायवाटा दिल्या होत्या. नक्कल करणाऱ्यांनी गल्ल्या तेवढ्या उचलल्या, पायवाटा सोडल्या. नेदरलँड्समधल्या हाउटन गावात तर मोटारीला बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याचा वळसा पडतो आणि सायकल सरळ जाते.

तुमच्या वस्तीचा नकाशा घेऊन बसा. चौकाला चार, तिठ्याला तीन, बंद टोकाला एक असे गुण देऊन सरासरी काढा. दोनच्या आसपास आली, तर वळसे ठरलेलेच. मग तुमच्या आणि मैत्रिणीच्या वस्तीच्या मध्ये एखादा मोकळा भूखंड उरलाय का, ते बघा. असेल तर त्याच्या कडेने तीन मीटरची पायवाट आत्ताच मागा, दोन्हीकडच्या लोकांच्या सह्या घेऊन. तिथे जोतं उठलं की माझा दोराही कामाचा नाही.