वडिलांच्या वर्षश्राद्धाला छोटी स्मरणपुस्तिका काढायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आप्पा तासगाव भागातले, द्राक्षबाग आणि घर यापलीकडं त्यांनी ‘सांगण्यासारखं’ काही केलं नाही, तरी सगळ्या गावाला ते आपले वाटायचे. वर्षश्राद्धाला अडीच महिने आहेत. तेवढे पुरतात, फक्त पहिल्याच दिवशी लिहायला बसू नका.

आधी तारीख पक्की करा. वर्षश्राद्ध तिथीनं येतं, म्हणजे इंग्रजी तारखेच्या साधारण १०-११ दिवस आधी; मध्ये अधिक मास आला तर पुढं जातं. पंचांग न बघता छापखान्याला तारीख दिली की पुस्तिका कार्य उरकल्यावर हातात पडते.

मग ट्रंक उघडा. शाळा सोडल्याचा दाखला, फेरफार, सोसायटीचं पासबुक, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, लग्नपत्रिका आणि विशेष म्हणजे लग्नातली आहेराची वही. ही वही कुणी लक्ष देऊन वाचत नाही, पण कोण कुठल्या गावाहून आलं, काय दिलं, कुठल्या घराशी किती घसट होती, हे सगळं तिच्यात असतं. पत्रिकेवर नुसता शक असेल तर इंग्रजी सालासाठी त्यात ७८ मिळवा. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९.

दाखल्यावर जन्मतारीख १ जून दिसली तर लगेच छापू नका. त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून! शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी वय बेतून तारीख टाकायचे. खरी नोंद तहसील कचेरीतल्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरात, म्हणजे कोतवाल बुकात, सापडू शकते. तिथंही नाही मिळाली तर ‘शाळेच्या नोंदीप्रमाणे’ असं लिहून मोकळे व्हा. दाखल्यावर ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर आप्पा साताऱ्याला शिकायला होते असा अर्थ काढू नका. १९४९ ते १९६० या काळात आजच्या सांगली जिल्ह्याचं नावच ते होतं.

माणसांना साल विचारलं की अंदाजपंचे उत्तर येतं. त्यापेक्षा खुणेची घटना विचारा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला, सोमवारी पहाटे झाला. ‘भूकंपाच्या रात्री आप्पा कुठं झोपले होते?’ याचं उत्तर म्हाताऱ्या माणसांकडं हमखास असतं. बहात्तरचा दुष्काळही तसाच: खडी फोडायला कोण गेलं, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी कुणी खाल्ली, सुकडी हा मदतीचा कोरडा खाऊ कुठं वाटायचे. पुराच्या बाबतीत मात्र जपून. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात. ‘तेव्हा नातू केवढा होता?’ असा दुसरा प्रश्न जोडा.

‘आप्पा कसे होते?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. उत्तर ‘देवमाणूस’ येणार आणि पुढं सगळं बंद. छाटणीची कात्री कुठं अडकवायचे, बाजारातून पिशवीत काय आणायचे, कुणाशी अबोला होता आणि तो कसा सुटला, पोरीला सासरी सोडून आल्यावर जेवले का, असं विचारा. आईंशी स्वयंपाकघरात, एकट्या असताना बोला. चारचौघांत त्या दोन वाक्यांवर थांबतील. आत्यांना वेगळं गाठा, भावाचं लहानपण त्यांनाच ठाऊक असतं. बागेतले जुने मजूर, दाढी करणारे काका, किराणा दुकानदार हे राहून जातात, आणि खरा ऐवज तिथंच असतो. खानापूर-आटपाडीकडचे पाहुणे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात बाहेरच्या राज्यांत असतील तर फोनवर बोला. फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा, अर्धा तास पुरे, आणि त्याच संध्याकाळी उतरवून काढा. बोलणाऱ्याचं ‘व्हय’ ‘होय’ करू नका.

आता लिखाण. जन्म, शिक्षण, विवाह, निधन ही माहिती एका पानात उरका. बाकीच्या पानांवर एकेक गोष्ट. ‘आप्पा अत्यंत परोपकारी व मनमिळाऊ होते’ हे वाक्य कुठल्याही आप्पांना चालेल, म्हणून ते कामाचं नाही. ‘खरड छाटणीची मजुरी बाजाराच्या आदल्या संध्याकाळीच चुकती व्हायची, उधारी करून हप्ता भरावा लागला तरी’ असं काही तुमच्या टिपणांत सापडलं तर परोपकार हा शब्द लागतच नाही. तापटपणा होता तर एखादा प्रसंग येऊ द्या, नाहीतर वाचणारे गालातल्या गालात हसतात. वाटण्या आणि भाऊबंदकी मात्र छापू नका. कार्याच्या दिवशी दोन्ही बाजू एकाच पंगतीला असतात.

सगळ्यात जास्त भांडणं नावांवरून होतात. जावई सुटतो, लहानपणी गेलेलं मूल सुटतं, सुनांची नावं ‘सौ.’ मध्ये संपतात. वंशावळीचं एकच पान करा आणि प्रत्येक घरातल्या एकाकडून त्यावर सही घ्या. व्हॉट्सॲपवरचा अंगठा सही म्हणून धरू नका, तो न वाचताही येतो.

फोटो फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला घ्या. पासपोर्ट फोटो ६०० ला घेतला तर छपाईत नीट दुप्पटच मोठा होतो. पानभर हवा असेल तर दुसरा शोधा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरचा फोटो पुस्तिकेत वापरू नका, फ्लेक्स लांबून बघायचा असतो म्हणून तिथं कमी रिझोल्यूशन खपतं.

छपाईचं थोडक्यात: ए५ आकार, मधोमध पिन, पानं ४ च्या पटीत, म्हणजे १६ किंवा २०. आतला कागद ९० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप), कव्हर २५० च्या पुढं. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं डीटीपीवाले त्यांच्या फॉन्टमध्ये बदलतात, तेव्हा अक्षरं फुटतात. म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर मागा आणि आधी ‘कऱ्हाड’, ‘पुऱ्या’, ‘बँक’, ‘ॲ’ एवढं शोधा. तिथं नीट असेल तर बहुतेक सगळीकडं नीट असतं. मागच्या कव्हरच्या आत एक पान कोरं सोडा. त्या दिवशी जेवून बसल्यावर लोकांना जे आठवेल, ते तिथं पेनानं लिहून घेता येईल.