यूट्यूबवर पाहिलेल्या चित्रपटाचा संदर्भ प्रबंधात कसा द्यायचा?

एपीए शैलीची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत) सातवी आवृत्ती वापरत असाल, तर चित्रपटाचा लेखक म्हणून दिग्दर्शकाचं नाव येतं. उदाहरणार्थ: दामले, वि. गो. आणि फत्तेलाल, एस. (दिग्दर्शक). (१९३६). संत तुकाराम [चित्रपट]. प्रभात फिल्म कंपनी. कुठे पाहिला हे लिहिण्याची गरज नाही.

मात्र व्याख्यान, मुलाखत असा मूळचा यूट्यूब व्हिडिओ असेल तर लेखकाच्या जागी तो अपलोड करणाऱ्याचं नाव येतं, मग बोलणारी व्यक्ती कोणीही असो. इथे बरेच विद्यार्थी चुकतात.

संवाद उद्धृत केलात तर पृष्ठक्रमांकाच्या जागी तो सुरू होतो ती वेळ द्या: तास, मिनिटं, सेकंद. हे कृपया टाळू नका. दोन तासांच्या चित्रपटात एक वाक्य शोधताना परीक्षकाचे फार हाल होतात.