चंद्र नष्ट झाला तर नाशिकला काय फरक पडेल?

तुम्ही विचारलंय की चंद्र नष्ट झाला तर पृथ्वीवर काय बदलेल, आणि समुद्र इतका लांब असताना आपल्या नाशिकला त्याचं काय? मी भूगोल शिकवतो, घरची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. त्यामुळे प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त जवळचा वाटला.

आधी ‘नष्ट’ या शब्दाबद्दल. चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या साधारण एक्याऐंशीव्या भागाएवढं आहे. त्याचे तुकडे करून ते कायमचे विखुरायचे तर सूर्य पाच मिनिटांत जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, जवळपास तेवढी लागेल. असा स्फोट झाला आणि त्यातले मोठे तुकडे पृथ्वीवर कोसळले, तर भरती-ओहोटीची चर्चा करायला कुणी उरणार नाही. म्हणून समजू की चंद्र काही न सांडता एका रात्रीत नाहीसा झाला.

समुद्र थांबणार नाही. सूर्यही पाणी ओढतोच, फक्त भरती आणणारी त्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी आहे. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते तेव्हा उधाण येतं. एकट्या सूर्याची भरती त्या उधाणाच्या साधारण एक तृतीयांश राहील. आज भरती रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येते. मग ती रोज त्याच वेळेला येईल. कोकणातल्या माणसाला तिथीवरून पाण्याचा अंदाज बांधावा लागणार नाही, उधाण आणि भांग (अष्टमीच्या आसपासची कमी भरती) हे शब्दच मागे पडतील. भरतीच्या रेषेत राहणारे खेकडे, शिंपले आणि पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्रींना अंडी सोडणारी प्रवाळं यांचे हाल होतील.

‘चंद्र गेला की दिवस सहा तासांचा होईल’ असं बरेच जण लिहितात. ते चूक आहे. भरतीच्या घर्षणामुळे पृथ्वीचं फिरणं अतिशय हळू मंदावतंय. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी वर्षात जवळपास ४०० दिवस होते, हे प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या रेघा मोजून कळलं. चंद्र गेला तर हा ब्रेक बराच सैल होईल, पण गेलेला वेग परत येणार नाही. दिवस चोवीस तासांचाच राहील.

आता नाशिक. पहिला फरक रात्रीचा. आमच्याकडे शेतीची लाईट कित्येकदा रात्रीची असते. एक वाजता उठून कांद्याला पाणी भरायला जायचं. पौर्णिमेच्या आसपास बॅटरी खिशातच राहते. वाफ्यात पाणी कुठवर पोचलं ते चमकताना दिसतं, बांध दिसतो, उसाची कड दिसते. अमावास्येला त्याच कडेजवळून जाताना मी आजही खाकरत जातो, कारण बिबट्या आमच्या भागात नवा नाही. टांझानियात माणसांवर झालेल्या सिंहांच्या हल्ल्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात पौर्णिमेनंतरच्या अंधाऱ्या रात्रींत हल्ले वाढलेले दिसले. चंद्र नसेल तर प्रत्येक रात्र तशी अंधारी.

दुसरा फरक दिवस मोजण्याचा. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकायला लागणारा वेळ. चंद्र नाही तर तिथी नाही, संकष्टीचा चंद्रोदय नाही, कोजागरी नाही. सिंहस्थासाठी गुरू सिंह राशीत येत राहील, पण रामकुंडावरच्या पर्वणीचा दिवस ठरवायला अमावास्या कुठून आणणार? २ ऑगस्ट २०२७ च्या पहिल्या अमृत स्नानाला अमावास्या आहे. त्याच दिवशी इजिप्तमध्ये लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त काळ खग्रास सूर्यग्रहण दिसेल. नदीवरची पर्वणी आणि तिथली भरदुपारची सावली, दोन्ही त्या एकाच चंद्राच्या.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट डोळ्याला न दिसणारी आहे, ती म्हणजे पृथ्वीच्या आसाचा कल. दरवर्षी २० मेच्या आसपास मी अंगणात लोखंडी पाइपचा एक तुकडा ओळंबा लावून उभा करतो. साडेबाराच्या सुमारास त्याची सावली आखडत आखडत बुडाशी येते आणि नाहीशी होते. पाइपच्या तोंडातून पाहिलं तर आतली माती उजळलेली असते. नाशिक वीस अंश अक्षांशावर आहे आणि पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर येतो. जुलैतही येतो, पण तेव्हा ढग असतात. हा कल वीसच्या खाली गेला तर नाशिकमधली सावली कधीच नाहीशी होणार नाही.

आज हा कल साधारण ४१ हजार वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांमध्येच झुलतो, आणि त्याला असं आवरून धरण्यात चंद्राच्या ओढीचा मोठा वाटा आहे. १९९३ साली खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कर आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं की चंद्राशिवाय हा कल शून्यापासून ८५ अंशांपर्यंत भरकटू शकतो. २०१२ साली जॅक लिसॉअर आणि इतरांनी दीर्घ काळाची गणितं केली, तेव्हा चित्र बरंच सौम्य निघालं: कल फिरेल, पण आजच्यापेक्षा सहसा दहा अंशांच्या आसपास कमी-जास्त, आणि तेही फार सावकाश. मला दुसरं गणित जास्त पटतं. म्हणजे चंद्र गेल्यावर तुमच्या-माझ्या नातवंडांचे ऋतू बदलणार नाहीत. हा बदल लाखो-कोटी वर्षांचा आहे.

तरी कल ६० अंशांवर गेला तर काय, हे मी एकदा वहीत मांडून पाहिलं. डिसेंबरात भरदुपारी नाशिकचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर असेल आणि दिवस सात तासांचाही नसेल. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, द्राक्षाचे मणी फुगायचे ते दिवस. उन्हाळ्यात उलट सतरा तासांचं ऊन. आपला मोसमी पाऊस जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर चालतो, तेव्हा तोही आजच्यासारखा राहणार नाही.

मे महिन्यात नाशिकमध्ये असाल तर पाइपचा एक तुकडा उभा करून पाहा. ओळंबा मात्र नीट लावा, थोडा जरी कलला तरी सावली राहते.