ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो (२००५) पीयूसीत फेल, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९%, एचसी (न जळलेलं इंधन) १६० पीपीएम आलं, मेकॅनिक म्हणतो कॅट (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बदला. बदलू का?

नका बदलू एवढ्यात, तुमचा आकडा आधी मिक्श्चर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, असल्याचं सांगतोय. त्या काळातल्या बीएस-३ (तेव्हाचा प्रदूषण मानक) पेट्रोल गाडीला सीओ ०.५% आणि एचसी ७५० पीपीएमपर्यंत चालतं, म्हणजे एचसीत तुम्ही आरामात पास आहात, फक्त सीओ चढलाय, आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) असता तर उलट एचसी उडाला असता. मी याच इंजिनांवर काम करतो, म्हणून आधी हे बघा:

- स्कॅनर लावून कूलंटचं तापमान बघा. इंजिन तापलेलं असून ४०-५० डिग्री दाखवत असेल तर सेन्सर गेलाय, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन थंडच वाटतं आणि तो पेट्रोल ओतत राहतो. या इंजिनात हा सेन्सर जातोच, स्वस्त पण आहे.
- फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची बारीक व्हॅक्यूम नळी काढून वास घ्या, आत पेट्रोलचा ओलावा दिसला की रेग्युलेटरच्या आतला पडदा (डायफ्राम) फाटला समजा.
- स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा. मोठ्या मायनसमध्ये असेल तर पेट्रोल कुठूनतरी जास्तीचं येतंय, रेग्युलेटर नाहीतर गळका इंजेक्टर. प्लसमध्ये असूनही सीओ जास्त, तर पुढचा लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) खोटं सांगतोय किंवा त्याच्या आधी एक्झॉस्ट लीक आहे, तिथून हवा आत ओढली जाते.

फक्त गाडी वीसेक मिनिटं पळवून गरम असतानाच पीयूसी टेस्ट करा, थंड कॅट काम करत नाही. आणि हे सगळं ठीक निघून सीओ तरी उतरला नाही तर मात्र कॅटच, कारण खूप दिवस रिच चालल्यानेही तो जळतो, नवा टाकून मूळ दोष तसाच ठेवला तर तोही जाईल.